'द गेटकीपर्स' : सहा गुप्तचरप्रमुखांची साक्ष

दीर्घकाळ चिघळलेल्या राजकीय संघर्षातील युद्धे आणि तह इतिहासाच्या पुस्तकांत नोंदले जातात. परंतु युद्ध आणि तह यांच्या मधल्या वर्षांत खबरी जमवणे, संशयितांची चौकशी करणे आणि घातपात घडण्याआधीच तो हाणून पाडणे हे जे काम अखंड चालू असते, त्याची माहिती सामान्य नागरिकांना क्वचितच मिळते. इस्रायली दिग्दर्शक द्रोर मोरेह यांचा २०१२ चा 'द गेटकीपर्स' हा माहितीपट याच कामाविषयी आहे. ज्यांनी ते काम केले आणि करवून घेतले, त्या सहा माजी गुप्तचरप्रमुखांच्या मुलाखतींवर तो उभा आहे, आणि यामुळेच इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावरील असंख्य चित्रपटांत त्याचे स्थान वेगळे ठरते.

इस्रायलमधील गुप्तचर कामाची विभागणी मुख्यतः तीन यंत्रणांत झालेली आहे. परदेशांतील हेरगिरी 'मोसाद' पाहते, लष्करी गुप्तवार्ता 'अमान'कडे असते आणि देशांतर्गत सुरक्षेची, तसेच वेस्ट बँक व गाझा या प्रदेशांतील कारवायांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी 'शिन बेत' या यंत्रणेवर आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेली शिन बेत थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत चालते; तिचे अधिकार ठरवणारा कायदा मात्र २००२ मध्ये झाला, आणि कित्येक दशके तिच्या प्रमुखाचे नावसुद्धा तो पदावर असेपर्यंत गुप्त राखले जात असे. अव्राहम शालोम, याकोव्ह पेरी, कार्मी गिलॉन, अमी आयालॉन, आवी डिश्टर आणि युवाल डिस्किन हे या माहितीपटातील सहा वक्ते होत. १९८६ ते १९८८ हा मधला काळ वगळता १९८०च्या दशकाच्या आरंभापासून २०११ पर्यंत ही यंत्रणा त्यांच्याच हाती होती.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातील अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांच्या मुलाखतीवर एरॉल मॉरिस यांनी केलेला 'द फॉग ऑफ वॉर' हा माहितीपट मोरेह यांच्यासमोर आदर्श म्हणून होता. निर्णय घेणाऱ्यालाच त्याच्या निर्णयांविषयी विचारावे आणि उत्तरातील आडपडदा प्रेक्षकाने स्वतःच ओळखावा, ही मॉरिस यांची पद्धत मोरेह यांनी एका व्यक्तीऐवजी एका संस्थेला लावली. मुलाखतींना जुन्या चित्रफितींची आणि संगणकावर उभ्या केलेल्या दृश्यांची जोड त्यांनी दिली.

या कथनाचा आरंभ १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाने होतो. या युद्धात वेस्ट बँक आणि गाझापट्टी ताब्यात आल्यावर सुमारे दहा लाख पॅलेस्टिनी लोक इस्रायलच्या लष्करी अमलाखाली आले आणि शिन बेतच्या कामाचे स्वरूपच बदलले. घरोघर फिरून लोकसंख्येची नोंद करणे, गावागावांत खबरी पेरणे, अटकसत्रे चालवणे हा तिचा दिनक्रम झाला. खबरी म्हणजे स्वतःच्या समाजाची माहिती परक्या यंत्रणेला पुरवणारी व्यक्ती. पैसा, भीती किंवा एखाद्या परवान्याची निकड यांपैकी काहीतरी हेरून तिला वळवले जाते, आणि माणसाची अडचण जितकी मोठी तितके त्याला वळवणे सोपे असते. या पद्धतीने हल्ले रोखण्यात यश येत गेले. पण ताब्यातील प्रदेशाचे आणि तेथील लोकांचे पुढे काय करायचे, हे राज्यकर्त्यांनी ठरवलेच नाही, असा या प्रमुखांचा मुख्य आक्षेप आहे. हाती असलेले काम फत्ते करण्याची युक्ती म्हणजे डावपेच आणि अंतिम उद्दिष्टाकडे नेणारी आखणी म्हणजे धोरण, असा भेद केला तर शिन बेतकडे डावपेच भरपूर होते, परंतु ज्यांच्यासाठी ते लढवायचे त्या सरकारांकडे धोरण नव्हते, असे त्यांच्या बोलण्यातून दिसते.

धोरणाच्या या अभावात कायद्याची चौकट कशी वाकते, हे '३०० क्रमांकाच्या बस'च्या प्रकरणातून उघड होते. एप्रिल १९८४ मध्ये चार पॅलेस्टिनी तरुणांनी ही बस पळवली. सुटकेच्या कारवाईत चौघेही ठार झाल्याचे प्रथम सांगण्यात आले. प्रत्यक्षात दोघे जिवंत पकडले गेले होते आणि नंतर त्यांना मारण्यात आले. त्यांपैकी एकाला जिवंत नेले जात असल्याचे अलेक्स लेवाक यांनी टिपलेले छायाचित्र 'हदाशोत' या दैनिकात छापले गेल्यावर हे प्रकरण दडपता आले नाही. शालोम यांना १९८६ मध्ये पद सोडावे लागले, मात्र राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यामुळे खटला टळला. माहितीपटात दिग्दर्शक हा विषय वारंवार काढतात आणि शालोम आधी उत्तर टाळतात, मग चिडतात, शेवटी अशा कामात नैतिकतेला जागा नसल्याचे सांगतात. पुढे १९८७ मध्ये लँडाऊ आयोगाने चौकशीत 'माफक शारीरिक दबाव' वापरण्यास मुभा दिली आणि इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अनेक पद्धती १९९९ मध्ये बेकायदा ठरवल्या.

याच यंत्रणेला स्वकीयांतील हिंसेचाही सामना करावा लागला. जेरुसलेममधील 'डोम ऑफ द रॉक' ही इस्लामी वास्तू उडवण्याचा कट रचणाऱ्या ज्यू भूमिगत गटाला १९८४ मध्ये पकडण्यात आले; पण जन्मठेप झालेले त्यातील आरोपीसुद्धा शिक्षा कमी होत जाऊन १९९० च्या अखेरपर्यंत सुटले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली, आणि पॅलेस्टिनी नेतृत्वाशी झालेला ओस्लो शांतता करार उधळू पाहणारा मारेकरीही ज्यूच होता. गिलॉन तेव्हा प्रमुखपदी होते आणि या अपयशाची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली.

गिलॉन पायउतार होण्याआधी, ५ जानेवारी १९९६ रोजी, हमास या पॅलेस्टिनी संघटनेचा बॉम्बतज्ज्ञ याह्या अय्याश याला मोबाइल फोनमध्ये दडवलेल्या स्फोटकाने गाझात मारण्यात आले. मात्र त्यानंतरच्या दोन महिन्यांत आत्मघाती स्फोटांची लाट आली. २००२ मध्ये सलाह शहादे या हमासच्या नेत्यावर टाकलेल्या एक टनाच्या बॉम्बने लहान मुलांसह आसपासचे अनेक निरपराध लोक मारले गेले. पुढच्याच वर्षी हमासचे प्रमुख नेते एका घरात जमले असताना नागरिकांच्या जिवाचा विचार करून पाव टनाचा बॉम्ब वापरला गेला आणि सारे नेते बचावले. या दोन्ही वेळी प्रमुख असलेले डिश्टर हे प्रसंग सांगतात, तेव्हा अचूक माहिती हाती असूनही निर्णयाचे ओझे हलके होत नाही, हे स्पष्ट होते.

या माहितीपटाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पॅलेस्टिनी माणूस येथे चित्रफितीत दिसतो, पण बोलत नाही. ऑस्करच्या नामांकनांत 'द गेटकीपर्स'सोबत त्याच वर्षी असलेल्या इमाद बुर्नात आणि गाय डाविडी यांच्या '५ ब्रोकन कॅमेराज'मध्ये वेस्ट बँकमधील एका गावाची बाजू त्या गावकऱ्यांच्याच नजरेतून मांडलेली असल्यामुळे हे दोन्ही माहितीपट एकत्र पाहणे उचित ठरते. शिवाय हे सहाही जण मोकळेपणाने बोलतात ते सेवेतून बाहेर पडल्यानंतर; अधिकार हाती असताना त्यांनी हीच व्यवस्था राबवली, हे विसरून चालणार नाही.

तरीही या साक्षीचे मोल कमी होत नाही, कारण ती शांततावादी कार्यकर्त्यांची नसून बळाचा वापर हाच ज्यांचा व्यवसाय होता अशा माणसांची आहे. लढाया जिंकूनही युद्ध हरण्याची भीती आयालॉन अखेरीस बोलून दाखवतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर शिन बेतचे तत्कालीन प्रमुख रोनेन बार यांनी पूर्वसूचना देण्यातील अपयशाची जबाबदारी स्वीकारली. गुप्तचर यंत्रणा राज्यकर्त्यांना फार तर वेळ मिळवून देऊ शकते. त्या वेळेत राजकीय तोडगा काढण्याचे काम तिच्यावर सोपवता येत नाही, हाच या माहितीपटाचा निष्कर्ष आहे, आणि पुढच्या घटनांनी तो खोटा ठरवलेला नाही.