स्वयंपाकघरांतील जर-तर

मुलांना इंग्रजींतील संकेतार्थी वाक्यें शिकवितांना आमटीच्या पातेल्याइतकें सोयीचें साधन नाहीं, असा आमच्या घरचा अनुभव आहे. ‘मीठ घातलेंस तर आमटी रुचकर होईल’ ह्या वाक्यांत आपण पुढची गोष्ट भूतकाळी रूपानें बोलतों. तीच रीत उचलून मूल ‘इफ यू अ‍ॅडेड सॉल्ट’ म्हणून पुढें ‘विल’ जोडतें, आणि चुकतें. इंग्रजींत येथें वर्तमानकाळ हवा: ‘इफ यू अ‍ॅड सॉल्ट, इट विल टेस्ट बेटर.’ ‘अ‍ॅडेड’ व पुढें ‘वुड’ आलें, कीं ती निव्वळ कल्पना ठरते. आणि पानें उचलल्यावर? ‘इफ यू हॅड अ‍ॅडेड सॉल्ट, इट वुड हॅव टेस्टेड बेटर’. वेळ गेली, हळहळ उरली.

हा शेवटचा प्रकार चालला असतां आमच्या आत्याबाई शेगडीपाशीं हळूच म्हणाल्या, “मला शाळेंत घातलें असतें, तर मीहि हें बोललें असतें.” मुलें क्षणभर गप्प झालीं. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईहि मुलांबरोबर शिकावयास बसूं लागल्या. परवां त्यांनीं स्वतः वाक्य केलें: ‘इफ आय लर्न, आय विल स्पीक.’ त्यांत एकहि चूक नव्हती.