मुलींसाठी राखलेला पट

मॉस्कोत १९६२ साली महिलांच्या बुद्धिबळ विश्वविजेतेपदाची लढत अकरा डावांत आटोपली. गतविजेती एलिसावेता बिकोव्हा, आव्हान देणारी सोविएत संघातल्या जॉर्जियाची एकवीस वर्षांची नोना गाप्रिंदाश्विली. नोनाने सात डाव जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. ९-२! तेव्हापासून १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षं, हा किताब जॉर्जियाबाहेर गेला नाही. आणि त्या अख्ख्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या होती चाळीस-पन्नास लाख.

याचं कारण विचारलं की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. जॉर्जियात म्हणे लग्नात मुलीबरोबर बुद्धिबळाचा पट पाठवायची जुनी चाल होती. गोष्ट गोड आहे, पण हिशेब जुळत नाही. चाल एवढी जुनी असेल, तर १९६२ च्या आधी तिथून एकही विश्वविजेती का निघाली नाही?

उत्तर पटापेक्षा व्यवस्थेत सापडतं. सोविएत राजवटीने बुद्धिबळ हे सरकारी काम मानलं. गावोगावच्या ‘पायोनियर भवनां’त शाळा सुटल्यावर मुलं फुकट शिकायची आणि शिकवणाऱ्याला सरकारी पगार असायचा. स्पास्की आणि कोर्चनॉय लेनिनग्राडच्या अशाच भवनात व्लादिमिर झाक यांच्या हाताखाली तयार झाले. बोट्विनिक यांच्या शाळेतून कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक गेले. तिथला दंडक एकच होता: स्वतःच्या डावांची, विशेषतः हरलेल्या डावांची, निर्दय चिरफाड करायची. हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते एका रुक्ष नियमाबद्दल. सांघिक स्पर्धांत मुलींसाठी वेगळा पट राखलेला असे. संघ उतरवायचा तर मुलगी हवीच, आणि नसेल तर शोधून, शिकवून तयार करायची.

नोना झुगदिदीची, पाच भावांत एकटी बहीण. भावांचं बघून खेळायला लागली आणि संघात मुलीची जागा भरायची म्हणून पटावर बसली. बातुमीच्या एका स्पर्धेत वाख्तांग कार्सेलाद्झे या प्रशिक्षकाच्या नजरेत ती भरली. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची असेल. त्यांनी घरच्यांना राजी करून तिला तिबिलिसीला आणलं. पोती गावची नाना अलेक्झांड्रियाही पुढे त्यांच्याकडेच शिकली. माझ्या मते जॉर्जियाचं खरं भांडवल हा माणूस. मुलींना शिकवणं हे त्याने दुय्यम काम मानलं नाही.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडच्या गाण्यातल्या घराण्यासारखं. १९७५ ला अलेक्झांड्रियाने नोनाला आव्हान दिलं, पण ती साफ हरली. १९७८ मध्ये पित्सुंदाला कुताइसीची माया चिबुर्दानिद्झे समोर आली. वय सतरा. नोना सोळा वर्षं गादीवर होती. पंधरा डाव झाले, त्यांतले नऊ बरोबरीत सुटले. मायाने चार जिंकले, नोनाने दोन. ८.५-६.५. त्याच वर्षी नोनाला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. पुरुष खेळाडूंना मिळतो तोच, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १९८१ ला माया आणि अलेक्झांड्रिया ८-८ अशा बरोबरीत राहिल्या, म्हणून किताब मायाकडेच राहिला. १९८८ ला तेलावीत नाना योसेलियानी एका गुणाने हुकली. १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडला तर सोविएत महिला संघातल्या चारही जणी जॉर्जियन होत्या. बाकीच्या एवढ्या मोठ्या देशाला एकही जागा नाही!

एक विजेती कुठेही निघू शकते. तिला हरवणारी त्याच मातीत तयार झाली, तरच मी त्याला परंपरा म्हणेन.

१९९१ मध्ये मनिलात चीनच्या शिए जुनने मायाला हरवलं. त्याच वर्षी सोविएत संघ मोडला आणि सरकारी पगार आटले. तिबिलिसीत यादवी पेटली. तरी १९९२ च्या ऑलिम्पियाडला स्वतंत्र जॉर्जियाच्या महिलांनी पहिल्याच फटक्यात सुवर्ण मिळवलं. १९९४ आणि १९९६ लाही. प्रशिक्षकांची पिढी तयार असेल तर सरकार कोसळल्यावरही ती काही वर्षं पुरते.

आपल्याकडे काय होतं? मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या बहिणींनी १९७४ पासूनच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय महिला स्पर्धेवर राज्य केलं. पण ते एका घराचं कर्तृत्व होतं. संस्थेचं म्हणावं तर सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते हयातभर चालवलं, आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीची. २०२४ च्या ऑलिम्पियाडला सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा कप्तान पुण्याचा अभिजित कुंटे. त्याच संघातल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती, तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी. स्पर्धा झाली बातुमीतच.

दिव्याचे सत्कार पुष्कळ झाले. आता जिल्हा संघटनांनी एवढंच करावं: तालुक्याच्या प्रत्येक सांघिक स्पर्धेत एक पट मुलीसाठी सक्तीचा ठेवावा आणि तो रिकामा राहिला तर संघाचा गुण कापावा. याला स्टेडियम लागत नाही की अनुदान.