पडीक जमिनीवर नुसतं गवत नको!

गडचिरोलीतल्या भामरागडचे माडिया आदिवासी पूर्वी पेंदा शेती करायचे. उतारावरचं जंगल तोडून जाळायचं, राखेत कोसरी पेरायची, काही हंगामांनी जागा सोडून द्यायची. मग गवत, वेली, झुडपं एकत्र वाढत आणि माती सावरे. आता वर्षानुवर्षं जमीन सोडणं कुणाला परवडतं?

त्यापेक्षा पडीकावर तसंच मिश्र कुरण करा. मारवेल किंवा पवन्या गवतासोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरा. गवताची तंतुमुळं वरची माती धरतात. स्टायलोचं सोटमूळ खोल जातं, त्याच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात. बी मात्र टणक, पेरण्याआधी गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा. पहिल्या पावसाळ्यात गुरं आत सोडू नका, चारा कापूनच घाला. मोकाट चराईच्या गावात बियाण्यापेक्षा कुंपणाचीच चिंता जास्त!