फ्रीजमधलं पेन

मोहन्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा फ्रीज उघडून मला इंजेक्शनचं पेन दाखवलं. लेकानं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेलं. काकूंचे गुडघे दुखतात, आंबिवली स्टेशनचा पूल चढवत नाही. आठवड्याला एक सुई टोचली की वजन उतरतं, असं कुणीतरी सांगितलेलं. पेनात सेमाग्लुटाइड हे औषध होतं, डोस १ मिलिग्रॅम. त्याची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमपासून होते आणि डोस चार-चार आठवड्यांनी वाढवतात. एकदम चौपट घेतलं असतं, तर काकू उलट्यांनी आडव्या झाल्या असत्या.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक पाझरतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, जठर सावकाश रिकामं करतं. पण काही मिनिटांतच विरतं. सेमाग्लुटाइड तेच काम आठवडाभर करतं. २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटलं. सोबत आहार आणि व्यायामही होता. औषध थांबवल्यावर मात्र वर्षभरात घटलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं. म्हणून पहिल्या सुईआधीच विचारायचं: हे किती वर्षं घ्यायचं, आणि तेवढा खर्च झेपेल का?

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच: २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपण सडपातळ दिसतो तेव्हाही पुष्कळदा चरबी पोटात दडलेली असते आणि स्नायू कमी असतात. या औषधांनी चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. त्यामुळे डाळ, अंडी, उसळी आणि वजनं उचलण्याचा व्यायाम मला सुईइतकेच महत्त्वाचे वाटतात.

लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर औषध घेण्यात लाज कसली? पण वजन घटवणारं सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात बंद झालं, हेही मी विसरू शकत नाही.

सोमवारी काकू कल्याणला डॉक्टरांकडे गेल्या. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, असं सगळं डॉक्टरांनी विचारलं. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, हे विचारल्यावर काकू गप्प झाल्या. मग तिथूनच त्यांनी माहेरी फोन लावला.