पूर्णेचे खोरे

अजिंठ्याचा डोंगर हा जालना जिल्ह्याच्या उत्तरेचा पाणलोट. डोंगरापलीकडचे पाणी तापीकडे, अलीकडचे पूर्णेवाटे गोदावरीकडे जाते. (विदर्भातून तापीला मिळणारी पूर्णा वेगळी.) बेसाल्टच्या थरांवर थर असल्याने उतार पायऱ्यांसारखे दिसतात. माथ्यावर मुरमाड, उथळ जमीन आणि पानझडी झुडपी जंगल. खाली नदीकाठी खोल काळी माती, कापूस नि ज्वारीची. जंगल मात्र आता तुरळकच.

केळणा नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशीच एक इटलीतील पॉम्पेईतही मिळाली आहे. पुढे जाफराबादजवळ केळणा पूर्णेला मिळते. दक्षिणेकडून येणारी दुधनाही अखेर परभणी जिल्ह्यात पूर्णेतच विसावते.