टिफ्रॅक घडवणारे नरसिंहन

आराखड्यापासून जोडणीपर्यंत देशातच घडलेला भारताचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभा राहिला. ते काम ज्यांनी तडीस नेले ते रंगस्वामी नरसिंहन (१९२६-२००७) मूळचे मद्रासचे. गिंडीच्या कॉलेजात दूरसंचार शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे कॅल्टेकमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण आणि इंडियाना विद्यापीठात गणितातली डॉक्टरेट झाली. १९५४ साली ते होमी भाभांच्या टाटा संस्थेत रुजू झाले.

तेव्हा देशात संगणक जवळपास नव्हताच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनहून एक छोटे यंत्र मागवले होते. मुंबईत मात्र यंत्र स्वतःच बांधायचे ठरले. हाताशी होते ते बहुतेक नुकतेच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेले तरुण. संगणक बांधणे दूरच, नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कोणी तो वापरलाही नव्हता. अमेरिकेत प्रिन्स्टनला गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी उभारलेल्या यंत्राची मांडणी समोर ठेवून गटाने आधी एक लहान नमुना केला. तो १९५६ मध्ये चालू झाला आणि पुढच्याच वर्षी मोठ्या यंत्राला हात घातला गेला.

हे यंत्र म्हणजे १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाडा. दोन्ही बाजूंना दारे, आत २,७०० व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असायच्या तशा), १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. कडीतून ओवलेल्या तारांमधून वीज सोडली की कडी एका किंवा उलट दिशेने चुंबकित होते. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द साठवायचे, म्हणजे असे ८१,९२० अंक. आजच्या हिशेबाने ही जेमतेम दहा किलोबाइट. मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. आज्ञा शून्य-एकच्या भाषेतच लिहायच्या आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून यंत्राला पुरवायच्या. आलेख दाखवायला मात्र पडदा होता, आणि त्या काळात ही चैनच म्हणायची.

१९६० मध्ये यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. पण तोवर जग व्हॅक्यूम ट्यूब सोडून ट्रान्झिस्टरकडे वळले होते. कागदावर होते तेव्हा आधुनिक असलेले हे यंत्र नाव मिळेपर्यंत जुने झाले होते, आणि तशी दुसरी प्रत कधी निघाली नाही. तरीही त्याला फसलेला प्रयोग म्हणणे अन्यायाचे ठरेल. विद्यापीठांतून संगणकाचा अभ्यासक्रमही नव्हता, त्या दिवसांत यंत्र आखणारी, दुरुस्त करणारी आणि त्यावर गणिते सोडवणारी माणसे इथेच तयार झाली.

नरसिंहन यांचा पुढचा सारा उद्योग या माणसांना घर मिळवून देण्याचा होता. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि देशभरातले संशोधक आपली गणिते घेऊन कुलाब्याला येऊ लागले. १९६५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. सत्तरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सॉफ्टवेअर आणि संगणन तंत्राचे राष्ट्रीय केंद्र निघाले, त्यामागेही तेच होते. सीएमसी या सरकारी कंपनीच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. १९७८ मध्ये आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा इथे उरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीने अंगावर घेतली. पुढे रेल्वेचे संगणकीय आरक्षणही तिनेच उभे केले. खिडकीवर तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला सीएमसी आणि नरसिंहन ही नावे कशी ठाऊक असणार!

या धबडग्यात त्यांचे स्वतःचे संशोधन झाकले गेले. १९६१ ते १९६४ या काळात इलिनॉय विद्यापीठात त्यांनी छायाचित्रे यंत्राला कशी ‘वाचता’ येतील यावर काम केले. वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही देता येईल, म्हणजे चित्राचे भाग आणि त्या भागांमधले संबंध नियमांत मांडता येतील, ही त्यांची कल्पना. पुढे मूल भाषा कसे शिकते, या प्रश्नाकडे ते वळले.

त्यांच्या पुढाकाराने निघालेले सॉफ्टवेअरचे राष्ट्रीय केंद्र १९८५ मध्ये जुहूची ‘एनसीएसटी’ ही स्वतंत्र संस्था झाले. पुढे ती पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संगणन संस्थेत विलीन झाली.