गादमाशी कोठे वसते?



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील एका मुलाने धानाचे एक रोप उपटून मजपुढे ठेवले. त्याचा मधला पोंगा पानासारखा उलगडला नव्हता. कांद्याच्या पातीप्रमाणे पोकळ नळी होऊन तो चांदीसारखा चकाकत होता. “गुरुजी, पुढच्या वर्षीही हे आमच्या शेतात येईल काय, असे वडिलांनी विचारले आहे,” तो म्हणाला. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्याच्या घरचे वर्षाचे धान्य त्या उत्तरावर अवलंबून होते, म्हणून मी वाचू लागलो.

तो गादमाशीचा उपद्रव होता. कांद्याला तेलुगूत ‘उल्ली’ म्हणतात. म्हणूनच आपले तेलुगू शेजारी या रोगास ‘उल्लिकोडू’ म्हणतात. काही कीटक वनस्पतीच्या कोवळ्या अंगात शिरून तिच्या वाढीला असे वळण लावतात की, ती आपल्याच पेशींतून त्यांच्यासाठी घर बांधू लागते. त्या घरास गाठ म्हणतात. तेंदूच्या पानांवरील पुटकुळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याही अशाच गाठी होत. डासाएवढी गादमाशी धानाच्या पानावर अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि दवाच्या वा पावसाच्या ओलाव्यातून सरपटत खोडाच्या वाढत्या कोंबापर्यंत उतरते. त्या फुटव्याची नळी होते. तिला लोंबी कधीच धरत नाही.

आता प्रश्न असा की, ही माशी कोठे आढळेल हे आधी सांगता येईल काय?

गाठ करणारा कीटक आपल्या ठराविक यजमान वनस्पतीवाचून वाढत नाही. म्हणून पहिला नकाशा वनस्पतीचा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले. त्यांपैकी गोदावरीकाठच्या निर्मल व मंचेरियाल भागांत धान पिकते. पैनगंगेकडील काळ्या जमिनीत मुख्यत्वे कापूस होतो. कापसाच्या शेतात गादमाशी शोधणे व्यर्थ होय.

परंतु एवढ्याने भागत नाही. पंजाब व हरियाणात धान विपुल असूनही गादमाशी नाही. उलट ओडिशा, पूर्व विदर्भ, तेलंगण, गोवा, केरळ येथे ती आहे. तेव्हा दुसरा नकाशा हवामानाचा. उबदार, ढगाळ व दमट हवा तिला मानवते.

तिसरी गोष्ट आश्रयाची. शेतात धान नसते तेव्हा ती रानधानावर, काही गवतांवर व कापणीनंतर फुटलेल्या धसकटांवर दिवस काढते. पाऊस लवकर पडून गवत माजले की तिची संख्या वाढते, आणि उशिरा लावलेले धान तिच्या तावडीत सापडते.

शास्त्रज्ञ कीटक आढळलेली ठिकाणे नोंदवतात व तेथील पाऊस, उष्णता, आर्द्रता, उंची यांचे आकडे मांडतात. तशीच परिस्थिती आणखी कोठे आहे, हे संगणक शोधून देतो. त्यावर यजमान वनस्पतीचा नकाशा ठेवला म्हणजे जेथे दोन्ही जुळतात, तेथे कीटकाचा संभव मानतात. मात्र संभव म्हणजे खात्री नव्हे. ‘फाल्गुना’ नावाचे धानाचे वाण गादमाशीला दाद देत नसे. परंतु १९८० च्या दशकात श्रीकाकुळम भागात त्यालाही पोखरणारा माशीचा नवा वंश दिसून आला. निसर्ग पालटतो, तसा नकाशाही पालटावा लागतो.

आणि नकाशा ज्या नोंदींवर उभा असतो, त्या कोणीतरी शेतात जाऊनच कराव्या लागतात. नळी कोठे दिसली हे जितके मोलाचे, तितकेच ती कोठे शोधूनही सापडली नाही, हेही.

त्या मुलाला मी अखेर एवढेच सांगितले, “वडिलांना म्हणावे, येण्याचा संभव आहे. बांधावरचे रानधान व कापणीनंतरची धसकटे काढून टाकावीत, माशीला दाद न देणारे वाण निवडावे आणि लावणी लांबवू नये. तू मात्र दर आठवड्यास नळ्या मोजून वहीत तारखेसह लिहीत जा.”

त्याने वही घातली आहे. आणखी कोण घालणार?